ब्लॅक सिनेमांना पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून जायला हवं का?

रानजाई:
नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितेय, थोडं लांबेल.

मी अटलांटात राहते. शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत, ब्लॅक (म्हणजे कृष्णवर्णीय), सत्तरीच्या, माझी मुलं त्यांना आजीच म्हणतात. त्यांचा एक नेम आहे, ब्लॅक दिग्दर्शकाचा सिनेमा लागला की पहिल्या शुक्रवारचं तिकीट. गुडघा धरला असला तरी तिकीट काढतात आणि चर्चमधल्या कुणातरी पोराला देऊन टाकतात. मी एकदा म्हटलं बुधवारी जाऊ की, गर्दी नसते, तर म्हणाल्या, सोमवारी पहिल्या वीकेंडच्या कमाईचे आकडे बघून स्टुडिओवाले पुढचं ठरवतात, बुधवारी आपण गेलो काय अन् न गेलो काय.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याबरोबर 'ओरिजिन' बघितला. एव्हा ड्युव्हर्नेचा सिनेमा. इझाबेल विल्करसन यांनी 'कास्ट' हे पुस्तक कसं लिहिलं त्याची गोष्ट, म्हणजे अमेरिकेतला वर्णभेद, नाझी जर्मनी आणि आपली जात या तिन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मांडणारं पुस्तक. यात दिल्ली आहे, बाबासाहेब आहेत, आपल्या नांदेडचे सुरज येंगडे स्वतःच्याच भूमिकेत आहेत. आणि थिएटरात आम्ही दोघी धरून अकरा माणसं. शुक्रवारची संध्याकाळ!

त्यातला एक प्रसंग सांगते. १९५१ ची ओहायोतली खरी घटना आहे. लहान मुलांची बेसबॉल टीम जिंकते म्हणून त्यांना पोहायच्या तलावावर नेतात. टीममध्ये एकच ब्लॅक मुलगा, त्याला कुंपणाबाहेर बसवतात. मोठ्यांनी खूप विनवण्या केल्यावर आतल्या सगळ्या गोऱ्या माणसांना पाण्यातून बाहेर काढतात, त्याला एका तराफ्यावर बसवतात, आणि लाइफगार्ड तो तराफा ओढत एक फेरी मारतो आणि सारखं बजावत राहतो, पाण्याला हात लावायचा नाही. मला तिथे अंधारात महाड दिसलं. १९२७, चवदार तळं. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये थंडीत उभं राहून आजींना ती सगळी हकीकत सांगितली, त्यांनी माझा हात सोडलाच नाही.

३.८ कोटी डॉलरचा सिनेमा, कमाई जेमतेम ५० लाखांच्या आसपास. मला वाटतं ज्यांना या गोष्टीचं मोल कळतं त्यांनी पहिल्या आठवड्यात पैसे मोजून जायलाच पाहिजे. "ओटीटीवर आला की बघू" हे अशा सिनेमांच्या बाबतीत चालणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

दक्षिणवारा:
ताई, प्रसंग वाचून काटा आला, पण मुद्दा पटला नाही. सिनेमा म्हणजे गणपतीची वर्गणी नव्हे. कर्तव्य म्हणून गेलेला माणूस एकदा जातो, आवडला म्हणून गेलेला चार जणांना ओढून नेतो. रायन कूगलरचा 'सिनर्स' बघा. १९३२ सालचं मिसिसिपी, ब्लूज (तिथल्या ब्लॅक लोकांचं संगीत), व्हॅम्पायर, जवळपास सगळी मुख्य पात्रं ब्लॅक. एप्रिल २०२५ ला पहिल्या वीकेंडला अमेरिकेत ४.८ कोटी डॉलर आणि दुसऱ्या वीकेंडला जवळपास तेवढेच! भयपट दुसऱ्या आठवड्यात निम्म्यावर येतात, हा सहा टक्केसुद्धा घसरला नाही. हे कर्तव्यापोटी होत नसतं. मी स्वतः ह्यूस्टनला दोनदा बघितला, दुसऱ्यांदा फक्त त्या गाण्याच्या प्रसंगासाठी, जिथे त्या जुन्या लाकडी गिरणीत पोरगा गायला लागतो आणि आधीचे नि नंतरचे सगळे वाजवणारे नाचणारे एकत्र येतात. 'ओरिजिन' विषयाने मोठा आहे, पण मध्येमध्ये तो भाषण देतो आणि ते प्रेक्षकाला कळतं. असं म्हणायची सुद्धा चोरी झाली तर मग त्या कलावंताला आपण बरोबरीचं मानतच नाही असं मला वाटतं.

अर्धाकप:
दक्षिणवारा, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. 'सिनर्स'ला ९ कोटी डॉलरच्या वर बजेट होतं, मोठा स्टुडिओ पाठीशी होता, आयमॅक्सचे भलेमोठे पडदे होते. 'ओरिजिन' आधी नेटफ्लिक्सकडे होता, ते जमलं नाही, मग सामाजिक संस्थांच्या पैशावर सिनेमा उभा राहिला आणि लागला तो सुरवातीला मोजक्याच थिएटरांत. दोघांना एकाच तराजूत कसं तोलणार?

आणि हे आजचं नाही. 'रेड टेल्स' (दुसऱ्या महायुद्धातले ब्लॅक वैमानिक) जॉर्ज लुकासला स्वतःच्या खिशातून काढावा लागला. स्टार वॉर्सवाला लुकास! २०१२ ला त्याने टीव्हीवर सांगितलं की स्टुडिओ म्हणतात परदेशात हा विकायचा कसा. त्याच्या आधी १९९२ ला 'माल्कम एक्स'चे (त्याच नावाच्या ब्लॅक नेत्यावरचा सिनेमा) पैसे संपले तेव्हा दिग्दर्शक स्पाइक लीने ओप्रा विन्फ्री, मॅजिक जॉन्सन, मायकल जॉर्डन, प्रिन्स अशा लोकांपुढे हात पसरले आणि त्यांनी ते देणगी म्हणून दिले, परतफेड नाही. मग वर्गणी वाईट कशी? वर्गणीवरच तो सिनेमा पुरा झाला. २०२१ ला मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने हिशोब मांडला होता की ब्लॅक लोकांना डावलून हॉलिवूड वर्षाला १० अब्ज डॉलरवर पाणी सोडतंय. म्हणजे नुकसान सोसतील पण सवय सोडणार नाहीत.

गोऱ्या दिग्दर्शकाचा सिनेमा पडला की तो एक सिनेमा पडतो. ब्लॅक दिग्दर्शकाचा पडला की "असले सिनेमे चालत नाहीत" म्हणतात. हे जोवर बदलत नाही तोवर मी रानजाईंच्या आजींच्या बाजूने.

भीमाकाठ:
सगळे तिकिटाबद्दल बोलताय, पण थिएटरच नसेल तर? 'सिनर्स' घडतो क्लार्क्सडेल गावात. ब्लूजचं माहेरघर म्हणतात त्या गावाला, आणि तिथे आज एकसुद्धा सिनेमा थिएटर नाही. गावाची गोष्ट जगभर लागली आणि गावकऱ्यांना ती बघायची तर गाडी काढून दुसऱ्या गावी जा. शेवटी गावातल्या लोकांनी जाहीर पत्र लिहून मागणी केली, तेव्हा मे २०२५ च्या अखेरीला तिथल्या सभागृहात फुकट खेळ झाले, कूगलर स्वतः गेला. माझं लहानपण तालुक्याच्या गावी गेलंय, टुरिंग टॉकीजच्या तंबूत पडद्याच्या उलट्या बाजूला बसून सिनेमे बघितलेत, त्यामुळे ती बातमी वाचून गलबलून आलं. "प्रेक्षकांनी पाठिंबा दिला नाही" असं लिहिताना कुठले प्रेक्षक हे आधी विचारा.

वऱ्हाडी:
माझा विरोध वेगळ्याच कारणानं आहे. पाठिंबा द्यायचा म्हणता, पण कोणत्या गोष्टीला देतो आपण? गुलामी, फटके, पोलिसांची गोळी. रडवलं की सिनेमा महत्त्वाचा. साधी हसवणारी, दोन मैत्रिणींची, भाडं भरायला पैसे नाहीत म्हणून दिवसभर धावपळ करणारी गोष्ट आली (२०२५ चा 'वन ऑफ देम डेज', केकी पामर आणि सिझा) तर तिला कुणी चळवळ म्हणत नाही. १.४ कोटी डॉलरमध्ये बनला, ५ कोटींच्या वर कमावले, कुणाच्या उपकारावर नाही! इकडे दलित पात्राचंही तेच होतं, पडद्यावर ते मार खायलाच येतं. म्हणून तर 'सैराट'मध्ये परश्या विहिरीत उडी मारतो तेव्हा माझ्या आतेबहिणीनं थिएटरात शिट्टी वाजवली होती. ते सुख आधी कुणी दिलंच नव्हतं.

बाकी आपलं नातं आजचं नाही हे मात्र खरं. जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. शंभर वर्षांनी मुंबईत पोरांनी दलित पँथर काढली ती तिकडच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. तेव्हा कोणी तिकीट काढायला सांगितलं नव्हतं, आपणहून ओळख पटली.

रानजाई:
वऱ्हाडी, शिट्टीचं वाचून डोळे भरले. मान्य, पूर्ण मान्य. आजींनाही रडके सिनेमे नकोच असतात, 'वन ऑफ देम डेज'ला त्या तिघी मैत्रिणींना घेऊन गेल्या आणि आठवडाभर त्यातलेच संवाद म्हणत होत्या. त्यांचा नेम सगळ्यांना सारखाच आहे, दुःखाला वेगळा आणि हसण्याला वेगळा असा नाही.

दक्षिणवारा, 'ओरिजिन' भाषण देतो हे मलाही दोन ठिकाणी जाणवलं. पण भाषण देणारे गोऱ्यांचे सिनेमे आपण निमूट बघून येतोच की, आणि त्या दिग्दर्शकाला पुढचा सिनेमा मिळतोच. ज्युली डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' १९९१ चा, आज तो अमेरिकेच्या राष्ट्रीय ठेव्यात जपलाय, पण त्यानंतर बाईंना थिएटरसाठी दुसरा सिनेमा मिळवता मिळवता किती वर्षं गेली बघा. एका कलावंताचं अख्खं वय गेलं हो त्यात. चूक करायची मुभा सगळ्यांना सारखी हवी एवढंच मी म्हणतेय, आणि ती मुभा तिकिटानेच विकत मिळते.

दक्षिणवारा:
ज्युली डॅशचं बोललात ते लागलं. तरी एक शंका राहतेच. प्रेक्षक येऊनही दार बंद होतं ना? 'लव्हक्राफ्ट कंट्री' ही ब्लॅक पात्रांची मालिका एचबीओ वाहिनीने २०२१ च्या जुलैत एकाच सीझननंतर बंद केली आणि दोन आठवड्यांच्या आत तिला एमीची (टीव्हीचे मोठे पुरस्कार) १८ नामांकनं मिळाली. आणि १९७७ ला गुलामीत आणलेल्या एका घराण्याची 'रूट्स' ही मालिका सलग आठ रात्री दाखवून टाकली, शेवटच्या भागाला १० कोटींच्या आसपास लोक टीव्हीपुढे होते. मग पुढची दहा वर्षं दर हंगामाला एक 'रूट्स' आली का? नाही आली. लोक तर आले होते. म्हणून म्हणतो, सगळं ओझं बघणाऱ्याच्या डोक्यावर देऊ नका, विशेषतः आजींसारख्यांच्या, ज्यांनी आयुष्यभर न चुकता तिकीट काढलं. हिशोब मागायचाच तर तो टेबलापलीकडच्या माणसांना मागा.

अर्धाकप:
दोन्हीकडे मागू. तिकीटही काढू आणि हिशोबही मागू.

रानजाई:
आत्ताच आजींना फोनवर हे सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. दक्षिणवारांचं शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, त्या मुलाला सांग, मी हिशोबसुद्धा मागते, दर वेळी स्टुडिओला पत्र लिहिते. मला हे माहीतच नव्हतं! बारा वर्षं शेजारी राहतेय. टाइपरायटरवर लिहितात म्हणे, कॉपी ठेवून. शनिवारी बघायला बोलावलंय.