रव्याचा केक मधोमध खचला आणि येत्या रविवारी परत नऊ जण जेवायला आहेत

ठाण्याची_सून

मंडळी, गेल्या रविवारी जे झालं ते आधी सांगते, मग प्रश्न. सासू-सासरे, नणंदेच्या घरचे चौघं आणि आम्ही तिघं असे नऊ जण जेवायला. मला शनिवारीही तीनपर्यंत ऑफिस असतं, नंतर लेकाचा स्विमिंग क्लास, म्हणजे जे काय करायचं ते रविवारी सकाळीच. मसालेभात, मटकीची उसळ, अळूवड्या, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि वर हौस म्हणून बिनअंड्याचा रव्याचा केक.

केकला दीड वाटी बारीक रवा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी पातळ तूप, लागेल तसं दूध, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. दहा वाजता सगळं कालवून ठेवलं, ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) लावला आणि तेवढ्यात ह्यांनी गीझर लावला, इकडे मी मिक्सर फिरवला आणि फटकन लाइट गेले. हे आतून साबण लावलेल्या अवस्थेत ओरडतायत, मी स्टुलावर चढून स्विच वर करतेय, एकूण टिन आत जायला पावणेअकरा वाजले. वीस मिनिटांनी दार उघडून बघितलं तर मस्त टम्म फुगलेला, म्हटलं चला जमलं! बाहेर काढला तेव्हा मधे ही एवढी वाटी. कडा भाजलेल्या, मधे ओलं. सासऱ्यांनी मधला भाग चमच्याने खाल्ला आणि म्हणाले हा शिरा छान झालाय, वर तूप घाल.

आता येत्या रविवारी परत तीच मंडळी. नणंदेने फोनवर मुद्दाम विचारलं, केक आहे ना? चुकलं कुठे आणि एवढं सगळं एका सकाळी कसं बसवायचं?

काकडे_वाडा

स्विमिंग क्लास बंद करा :)

उंधियू_ते_उकडीचे

सोडा दहालाच घातलास ना? मग तिथेच गेला तो केक. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच गॅस व्हायला लागतो, तो पाऊण तासात निघून गेला, भांड्यात वर बुडबुडे दिसले असतील बघ. बेकिंग पावडरीतला थोडा जोर भट्टीतल्या उष्णतेसाठी राहतो म्हणून निदान फुगला तरी. रवा, दही, साखर, तूप, थोडं दूध एवढंच कालवून झाकून ठेवायचं, अर्धा तास तर हवाच कारण रवा पाणी पीत बसतो, न भिजलेला रवा केकमधे कचकच लागतो. भिजल्यावर घट्ट होतं ते, मग दुधाने इडलीच्या पिठाएवढं सैल करायचं. ओटीजी तापला की मग सोडा-पावडर, वीसेक वेळा हलवायचं आणि लग्गेच आत. आत म्हणजे आत, फोन वाजला तरी.

दुसरं म्हणजे वीस मिनिटांनी दार उघडलंस. तेव्हा वरून फुगलेला दिसतो पण मधलं अजून पातळच असतं, गार हवा लागली की बसतं. १८० डिग्रीवर पहिली तीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही, काचेतून बघ हवं तर. आणि टिन केवढा होता?

ठाण्याची_सून

सहा इंची. काठोकाठ नाही पण जवळजवळ.

उंधियू_ते_उकडीचे

अगं मग काय! दीड वाटी रव्याला सहा इंची म्हणजे मधल्या भागापर्यंत आच पोचायच्या आत कडा करपणार. आठ इंची घे, निम्म्याच्या थोडा वर भरला पाहिजे, दोन तृतीयांशच्या पुढे कधीच नाही. जाळी अशी लाव की टिन ओटीजीच्या बरोब्बर मधे येईल, वर चिकटला की माथा काळा होतो आणि आत कच्चा.

वायरमन_काका

केकमधलं कळत नाही, खाण्यापुरता संबंध. पण पंधराशे वॉटचा ओटीजी साडेसहा अँपिअर घेतो, मिक्सरच्या लहान सॉकेटवर तो लावायचाच नाही, १६ अँपिअरचं मोठं सॉकेट पाहिजे, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. गीझर दोन हजार वॉटचा असतो. दोन्ही एका वेळी नको. यजमानांना आठला आंघोळ करायला लावा.

मडगावकर_बाय

तुला केक शनिवारी रात्रीच करायचा असेल तर आमच्याकडचं बाथ कर ना, काही जण बातिका म्हणतात. नाताळात होतं पण कोण अडवतंय. रवा आणि ओलं खोबरं, साखर, लोणी, अंडी, आणि मुख्य म्हणजे कालवून रात्रभर ठेवायचं, म्हणजे तुझा रवा भिजायचा प्रश्नच मिटला. आई वर पिठाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या लावायची, भाजल्यावर जाळी दिसते. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, ताजं ताजं कापलं तर भुगा होतो. सासूबाईंना अंडं चालत नसेल तर मात्र हे राहू दे, अंड्याशिवाय ते बाथ नव्हे.

आजोळ_राजापूर

बिनअंड्याचं हवं तर धोंडस आहेच की. मोठं तवसं किसायचं, त्याच्या पाण्यातच तांदळाचा रवा शिजतो, गूळ, खोबरं, वेलची. आजी पातेलं चुलीवर मंद आचेला ठेवायची आणि वर ताटलीत निखारे, म्हणजे खालून वरून दोन्हीकडून भाजलं जायचं, ओटीजी दुसरं काय करतो? आमची कामं त्या वासावर अडायची, झाकण उघडायला मिळायचं नाही. ते पण दुसऱ्या दिवशी छान लागतं. (तवसं म्हणजे ती जाड पिवळी काकडी, कोशिंबिरीतली नव्हे, ती घातलीत तर सूप होईल.)

रविवारचा_आचारी

केक झाला, आता जेवणाचं बोला कोणीतरी. नाशिकला आमच्याकडे दर रविवारी दहा-बारा पानं असतात आणि स्वयंपाक मी करतो, बायको शनिवार-रविवार दुकानावर असते.

पुऱ्या काढून टाका. नऊ जणांच्या पुऱ्या म्हणजे एक माणूस तासभर कढईपाशी आणि तो जेवतो सगळ्यात शेवटी गार झालेल्या. मसालेभात आहे ना, मग पोळ्या सकाळी बाईंकडून करून घ्या नाहीतर पाव आणा, उसळीबरोबर कोणी तक्रार करत नाही.

मटकी शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाताना भिजत टाका, रात्री निथळून फडक्यात बांधा, शनिवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात, मग डब्यात घालून फ्रीजला. कांदा-खोबऱ्याचं वाटण शुक्रवारी रात्रीच. खोबरं तेलाशिवाय भाजायचं, कांदा वेगळा तेलावर चांगला तांबूस, घाई केली की वाटण गोड लागतं. अळूवड्यांचे उंडे शनिवारी रात्री वाफवून पूर्ण गार करा आणि डब्यात घालून फ्रीजमधे ठेवा. गार उंडा सुरीने सरळ कापला जातो, गरम कापला की पानं सुटतात आणि तेलात बेसनाचा चुरा. रविवारी फक्त कापून तळायच्या. म्हणजे सकाळी उरलं काय, उसळ फोडणीला, भात कुकरला, कोशिंबीर. कोशिंबिरीत मीठ पानं घेतल्यावर घाला, तिला पाणी सुटतं.

ठाण्याची_सून

सगळ्यांना थँक्यू! पुऱ्या काढायचं ऐकून सासूबाई एक सेकंद गप्प होत्या, मग म्हणाल्या बरं झालं, माझे पाय दुखतात पण मी म्हणायची कशी. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींसाठी पुऱ्या करत होतो.

केक झाला, फुगला, राहिला. हे आठला आंघोळ करून बाहेर, आठ इंची टिन, सोडा शेवटी, चाळीस मिनिटांनी सुरी कोरडी निघाली, वर एक चीर पडली पण चालतंय. सासऱ्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, मागच्यासारखं मधलं मऊ नाही का यावेळी.

एक राहिलं, अळूची देठं ढीगभर उरलीत, फेकवत नाहीत, काय करू?

रविवारचा_आचारी

सोलून बारीक चिरा, चार पानं उरली असतील तर ती पण, चणाडाळ आणि शेंगदाणे घालून उद्या पातळ भाजी. चिंच विसरू नका, नाहीतर सगळ्यांचे घसे खवखवतील.