टर्बो-हायड्रामॅटिक ३५० परत बसवताना बेल हाउसिंग इंजिनला भिडत नाही

जुनी_इम्पाला, नाशिकरोड:
नमस्कार. वडिलांनी सांभाळलेल्या १९७० सालच्या शेव्हरोले इम्पालाचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुढच्या सीलमधून गळत असल्यामुळे उतरवला होता. सील बदलून काल अंबडच्या शेडमध्ये तो परत चढवायला घेतला, तेव्हा बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचे इंजिनाकडचे घंटेसारखे तोंड) आणि इंजिन यांच्यामध्ये साधारण १५ मिलिमीटरची फट राहिली. मिस्त्रींचे म्हणणे असे की, सगळे बोल्ट थोडे थोडे आवळत गेल्यास गिअरबॉक्स आपोआप ओढला जाईल. मला धीर झाला नाही, म्हणून काम थांबवले आहे.

घाटमाथा, इगतपुरी:
थांबलात हे उत्तम केलेत. बोल्ट मुळीच आवळू नका. टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्याला) आत तीन जागी बसावे लागते: इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटरच्या नळीवरचे दाते आणि सर्वांत शेवटी ऑइल पंपाच्या गिअरमधल्या खाचा. पहिल्या दोन जागा सहज मिळतात, तिसरी मात्र हुलकावणी देते, आणि त्या अवस्थेत बोल्टने ओढल्यास सारा दाब पंपावर येऊन त्याचा गिअर फुटतो. मिस्त्रींचा हात अॅम्बेसेडरच्या साध्या गिअरबॉक्सवर बसलेला असावा; अर्थात तिथेही ही सवय चांगली नव्हेच.

गिअरबॉक्स खाली घ्या, कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता आणि त्याला तोलून धरून हलकेच फिरवत आत रेटा. तिसरा ‘खट्’ ऐकू येईपर्यंत समाधान मानू नका. चढवताना तो पुन्हा पुढे घसरू नये म्हणून बेल हाउसिंगला आडवी पट्टी लावा, आणि इंजिन ब्लॉकमधल्या दोन्ही डॉवेल पिना (जुळणी नेमकी ठेवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, तेही पाहा.

जुनी_इम्पाला, नाशिकरोड:
आपण सांगितले तेच निघाले. अर्धा तास फिरवल्यावर कन्व्हर्टर आणखी बोटभर आत गेला. आज बेल हाउसिंग हातानेच भिडले. बोल्ट लावल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची पातळ चकती) यांच्यात ४ मिलिमीटर अंतर आहे. हे चालेल का?

घाटमाथा, इगतपुरी:
चालेल, ३ ते ५ मिलिमीटर अंतर हवेच असते. आता कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो याची खात्री करा आणि मगच तो पुढे घेऊन फ्लेक्सप्लेटला तिन्ही बोल्टनी जोडा.

सातपूरकर:
दोन गोष्टींची भर घालतो. व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून गिअर कधी, कसा पडावा हे ठरवणाऱ्या भागाची) नळी जोडायची राहिली, तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, आणि मग गिअरबॉक्स बिघडला असे समजून लोक तो विनाकारण पुन्हा उतरवतात. दुसरे म्हणजे, डेक्सरॉन (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) तेल एकदम पूर्ण भरू नका. आधी सुमारे ४ लिटर घाला, इंजिन चालू करून बाकीचे हळूहळू वाढवा, आणि पातळी बघाल ती गाडी सपाट जागी, गिअर पार्कमध्ये, इंजिन चालू आणि तेल गरम असताना. बंद इंजिनावर तेल मोजायची पट्टी नेहमीच जास्त तेल दाखवते.