थडग्यातली जनावरांची हाडं: शिदोरी, बळी की नुसता भराव?

मातीचाळण: माणसाच्या सांगाड्याजवळ शेळी-मेंढीची हाडं निघाली की अहवालात सर्रास 'बळी' लिहून मोकळे होतात. ती खड्डा बुजवताना मातीबरोबर आली नाहीत कशावरून? आणि बळी व मृताची शिदोरी यांतला फरक हाडांवरून कळतो का?

अस्थिवाचक: आधी हाडाची जागा, ते कोणत्या प्राण्याचं हे नंतर. खड्ड्याच्या तळापासून हाड किती वर होतं हे मोजलेलं नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. सांगाड्याच्याच पातळीवर, सांधे जुळलेले हाड म्हणजे मांसासकट ठेवलेला तुकडा. भरावात विखुरलेले, कडा झिजलेले, कुत्र्यांनी चावलेले तुकडे बहुधा जुन्या वस्तीचा कचरा. उंदराचा अख्खा सांगाडा दिसला तर बीळ शोधा. तिथली माती भुसभुशीत आणि वेगळ्या रंगाची असते.

शिदोरीत मांसल भाग येतात: खांदा, मांडी, बरगड्या. सुरीच्या खुणा सांध्यांपाशी. नुसती कवटी आणि खुरांकडची हाडं आली, तर मांस खाऊन डोकं-खुरांसकट कातडं पुरल्याची शक्यता मोठी.

शिळावर्तुळ: एक भर. आम्लधर्मी मातीत हाड विरघळतं, दातांचं एनॅमल टिकतं. मग फक्त दात हाती लागतात आणि 'मुंडकं पुरण्याची प्रथा' जन्माला येते! माती २ मिमीच्या चाळणीतून काढली नसेल तर खुरांची बारीक हाडंही गेली. कातडं होतं की मुंडकं, हे मग कोणी सांगू नये. विदर्भात माहूरझरीच्या प्राचीन दफनांत मात्र घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकारही मिळालेत. तो घोडा विधीतलाच.

मातीचाळण: आणि कुत्रे? काश्मीरमध्ये बुर्झाहोमलाही पुरलेले आहेत.

अस्थिवाचक: अख्खं, सुरी न लागलेलं जनावर शिदोरी नसतं. इस्रायलमधल्या ऐन मल्लाहाला सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाचा हात कुत्र्याच्या पिल्लावर आहे. पण गळा आवळून मारलं की आपसूक मेलं, हे हाडं सहसा सांगत नाहीत. 'सोबत पुरलेलं' एवढंच लिहा.

कोकरू असेल तर जबडा नीट बघा. पहिली मोठी दाढ आलेली, दुसरी न आलेली म्हणजे वय साधारण ३ ते ९ महिने. कळपाची वीण एकाच हंगामात होत असेल तर दफन कोणत्या ऋतूतलं हेही कळतं. शंका उरलीच तर माणसाचं एक आणि जनावराचं एक, अशी दोन्ही हाडं रेडिओकार्बन चाचणीला, म्हणजे वय काढायला, द्या; दोन्ही एकाच काळातली आहेत का ते दिसेल. नुसता कोळसा देऊ नका, तो जुन्या लाकडाचा असू शकतो, मग वय दफनापेक्षा जास्त येतं.