व्हीआर हेडसेटमधलं २०५८चं पुणे: कथेची तांत्रिक बाजू तपासून हवी आहे

मुठाकाठ:

दिवाळी अंकासाठी साधारण ६,००० शब्दांची विज्ञानकथा लिहायला घेतली आहे. काळ २०५८, गाव पुणे. नायिका वैदेही, वय ३४, घर सदाशिव पेठेत, नोकरी हिंजवडीत. कामावर असेपर्यंत, म्हणजे दिवसाचे १४ तास, डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट काढायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत कंपनी तिला 'बाहेर' सोडते. अलका चौकातून लक्ष्मी रोडने ती सिटी पोस्टापर्यंत चालून येते. खरं तर ती कंपनीच्या हॉलमध्येच असते.

पहिल्या खर्ड्यात मेंदूत तार घातली आहे आणि दाराशी बंदूकधारी पहारा ठेवला आहे. वाचताना दोन्ही खोटं वाटतं. माणसाचं स्वातंत्र्य अशा यंत्राने खरोखर कसं काढून घेता येईल? यंत्र कुठे उघडं पडेल? शेवटी वैदेही शेजारणीचा हेडसेट लावून निसटते असं सध्या लिहिलं आहे, ते टिकेल का? आकड्यांसकट सांगितलंत तर फार मदत होईल.

फ्रेमदर:

तार काढाच, तिची गरज नाही. डोळे आणि कान ताब्यात असले की पुष्कळ होतं. पण १४ तासांचा हिशोब आधी मांडा. आजचे स्वयंपूर्ण हेडसेट साधारण अर्ध्या किलोचे असतात आणि बॅटरी दोन-तीन तास चालते. वजन सगळं पुढे असल्यामुळे मान भरून येते. तेव्हा बॅटरी कमरेला किंवा डोक्यामागे न्या, म्हणजे तोल साधेल. पट्ट्याला वायर दाखवली तरी चालेल, उलट खरी वाटेल.

दुसरी गोष्ट मळमळ. डोकं वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत काम उरकायला हवं. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं (फ्रेम) दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम ११.१ मिलिसेकंद मिळतात. फ्रेम गळायला लागल्या की डोळे एक सांगतात, तोल सांभाळणारा अंतर्कर्ण दुसरंच सांगतो आणि पोटात ढवळतं. कंपनीने खर्च वाचवायला सर्व्हर कमी केले, तर दुपारी दोनला सगळा मजला एकदम घाम पुसताना दिसेल. हे दृश्य जरूर वापरा.

डोळ्यांचंही तसंच आहे. लेन्समुळे चित्र एकाच ठरावीक अंतरावर, साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखं भासतं. हातातला आभासी कागद वाचताना दोन्ही बुबुळं आत वळतात, पण फोकस मात्र तिथेच अडकलेला. तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. शिवाय बुबुळांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, प्रौढांत बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान. कंपनीने सगळ्यांना ६३वर बसवलेले हेडसेट वाटले आणि वैदेहीचं अंतर ५७ असलं, तर तिची डोकेदुखी कथेत आपोआप येते.

लक्ष्मी रोडचा भाग मला सर्वांत आवडला, कारण तो शक्य आहे. माणूस सरळ चालतोय असं समजत असताना दृश्य हळूच फिरवत राहिलं, तर तो नकळत वळत जातो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, त्रिज्या किमान २२ मीटर असली तर वळण जाणवत नाही असं दिसलं. म्हणजे दर मीटरला साधारण २.६ अंश. पूर्ण फेरा १३८ मीटरचा. ती एक किलोमीटर चालली तर हॉलमध्ये सव्वासात फेऱ्या झाल्या. हॉल आतून किमान ४५ बाय ४५ मीटरचा घ्या, मध्ये खांब नकोत.

उघडं पडेल ते स्पर्शामुळे. गणपतीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर तुफान गर्दी आहे, समोरून माणसं येतायत आणि कुणाचाच खांदा लागत नाही. पायाखाली खड्डा दिसतो, पण पाऊल सपाट रबरावर पडतं. फुलांच्या टोपल्या डोळ्यांसमोर आणि नाकात एसीची कोरडी हवा. वैदेहीला पहिली शंका इथे येऊ द्या.

कलम_एकवीस:

पहाराही काढा. हेडसेटच्या आत नजरेवर कॅमेरे असतात आणि ते बसवण्यामागचं कारण अगदी निरुपद्रवी असतं. डोळ्याला स्पष्ट दिसतं ते मधल्या जेमतेम दोन अंशांत. जिथे नजर आहे तेवढंच चित्र बारकाईने काढायचं आणि कडेचं ढोबळ ठेवायचं, म्हणजे चिपवरचा भार कमी होतो. एकदा कॅमेरे आले की काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, डोळ्यातली बाहुली कधी मोठी झाली, सगळं नोंदलं जातं. बोलणं आवरता येतं, चेहरा आवरता येतो, बाहुली आवरता येत नाही. तुमच्या कथेतलं खरं बंधन मला इथे दिसतं. वैदेहीला कुठेही जायला बंदी नाही. फक्त दाराकडे तिसऱ्यांदा पाहिलं की साहेब आपुलकीने विचारतात, "बरं नाही का वाटत?"

शेजारणीच्या हेडसेटचा शेवट टिकणार नाही. डोकं आणि हात हलवण्याची ढब हीच ओळख असते. स्टॅनफर्डच्या २०२०च्या अभ्यासात ५११ जणांतून माणूस ९५ टक्के अचूक ओळखता आला, तोही पाच मिनिटांहून कमी नोंदीवरून. २०२३मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी व्हीआर खेळ खेळणाऱ्या ५५,०००हून अधिक जणांच्या हालचाली तपासल्या. तिथे १०० सेकंदांच्या नोंदीवर ९४ टक्के अचूकता मिळाली. दुसऱ्याच्या नावाने लॉगिन केलं तरी वैदेही दोन मिनिटांत वैदेहीच ठरेल.

कायद्याची बाजू पक्की ठेवा. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम २१खालचा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. पण २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचं कलम ७ नीट वाचा. नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल, तर वेगळी संमती लागत नाही. कलम १७खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देऊ शकतं. २०५८मध्ये नवा जुलमी कायदा रचायची गरज नाही. कलम ७मधली ही एक ओळ ३५ वर्षं ताणत नेली की झालं. 'मी सहमत आहे' या बटणाचा प्रसंग तुमच्या खर्ड्यात असेल तर गाळा. बटणच नसणं जास्त भीतीदायक आहे.

पेठकरीण:

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. १४ तास फोम दाबून राहिल्यावर गालफडांवर आणि कपाळावर वळ उठतो, एप्रिलमध्ये त्याच्याखाली घामोळंही येतं. सगळ्या शहराच्या चेहऱ्यावर तोच वळ असेल, तर वळ नसलेला चेहरा लगेच डोळ्यांत भरेल. दुधवाला, सोसायटीचा वॉचमन, पाळणाघरातल्या ताई, सगळे तेवढंच पाहतील. कॅमेरे नंतर.

सावलीवाला:

वैदेहीला पुरावा हवा असेल तर शून्य सावली दिवस वापरा. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. १३-१४ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली बुडाशी नाहीशी होते. जुलैच्या शेवटी पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मे घ्या. आभासी लक्ष्मी रोडवर विजेच्या खांबाची सावली त्या मिनिटालाही वीतभर लांब पडलेली असेल, तर शहर खोटं.

दुसरं, हेडसेटच्या लेन्स उन्हाकडे करून ठेवल्या तर सूर्य पडद्यावर एकवटतो. मिनिटभरही पुरतं, पडद्यावर कायमचा डाग पडतो. तिला गॅलरीत दुपारी तो उलटा ठेवू द्या.

फ्रेमदर:

सावलीबद्दल: सूर्याची जागा काढणं सोपं गणित आहे, दृश्य काढणारं कोणतंही सॉफ्टवेअर ते करेल. अडचण वेगळी आहे. प्रत्येक फ्रेमला हलत्या सावल्या काढणं महाग पडतं, म्हणून इमारती आणि खांबांच्या सावल्या एकदाच काढून भिंतींच्या चित्रात कायम करून टाकतात. माणसांच्या सावल्या मात्र ताज्या काढतात. म्हणजे १२:३१ला वैदेहीची स्वतःची सावली पायाखाली जाईल आणि खांबाची तशीच पडून राहील. दोन सावल्या जुळत नाहीत, हा पुरावा अधिक चांगला.

डागाबद्दल सावध राहा. डागातून पलीकडचं दिसत नाही, तिथले पिक्सेल मेलेले असतात. पण डोकं वळवलं की शहर मागे सरकतं आणि डाग डोक्याबरोबर येतो. एवढ्याने समोर पडदा आहे हे विसरता येत नाही.

मुठाकाठ:

खांबाची आणि तिची सावली, हे मिळालं म्हणजे कथेचा मधला भाग उभा राहिला. पहारा, तार आणि शेजारीण तिघांनाही काढते. एकच शंका. डाग पडल्यावर कंपनीला कळायला किती वेळ लागेल?

कलम_एकवीस:

डागामुळे नाही कळणार, तिच्या नजरेमुळे कळेल. पडद्याच्या एकाच कोपऱ्याकडे, तिथे चित्रात काहीही नसताना, डोळे पुन्हा पुन्हा जातायत हे आतले कॅमेरे पहिल्याच दिवशी टिपतील. संध्याकाळी कुणी चौकशी करणार नाही. सकाळी टेबलावर नवा हेडसेट असेल आणि पगाराच्या चिठ्ठीत जुन्याची किंमत वजा झालेली असेल. डाग आहे हे माहीत असून त्याच्याकडे न बघायला वैदेही शिकते का, शेवट त्यावर बेता.