‘आधी’ डावीकडे, ‘नंतर’ उजवीकडे: हे लिपीमुळे होतं का?

प्रश्न:
घटनाक्रमाची चित्रं लावायला दिली की बहुतेक जण डावीकडून सुरुवात करतात. ही सवय लिपीतून येते का, हे कार्डांनी तपासायचं आहे. काय सांभाळावं?

उत्तर १:
काळाच्या बाबतीत लिपीचं पारडं जड आहे. ट्वर्स्की, कुगेलमास आणि विंटर यांच्या १९९१च्या अभ्यासात दुपारच्या जेवणाचा स्टिकर कागदाच्या मध्यभागी लावून न्याहारीचा आणि रात्रीच्या जेवणाचा मुलांना लावायला दिला होता. इंग्रजी मुलांचा कल डावीकडून, अरबी मुलांचा उजवीकडून, हिब्रू मुलं अधलीमधली. तुम्हीही सुरुवात मधूनच करा. पहिलं कार्ड कडेला ठेवलंत तर दिशा तुम्हीच सुचवली. कार्डं पिसून द्या, त्यांवर आकडे नकोत.

प्रत्येकाकडून दोनदा लावून घ्या, दुसऱ्यांदा ९० अंशांत वळवून बसवा. हे टाळू नकाच. ऑस्ट्रेलियातले कूक थायोर लोक काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे मांडतात: दक्षिणेला तोंड असेल तर डावीकडून उजवीकडे, उत्तरेला असेल तर उलट, पूर्वेला असेल तर स्वतःच्या दिशेने. एकाच दिशेला तोंड करून बसवलं तर हा फरक दिसणारच नाही.

उत्तर २:
काळासारख्या संख्याही मनात डावी-उजवीकडे मांडल्या जातात का, हे पाहायचं तर कार्डं पुरत नाहीत, प्रतिसादाचा वेळ मोजावा लागतो. १ ते ९ मधले ५ सोडून बाकीचे अंक एकेक करून दाखवा. सम की विषम एवढंच विचारा, एक कळ डाव्या हाताला, एक उजव्या. निम्म्यावर कळा अदलाबदल करा, नाहीतर सम-विषमचा परिणाम लहान-मोठ्यात मिसळतो. चुकीची उत्तरं वगळून प्रत्येक अंकासाठी उजव्या हाताच्या वेळातून डाव्याचा वजा करा. अंक वाढेल तसा फरक घटत गेला, तर लहान संख्या डावीकडे. शाकी आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये कॅनडात हेच दिसलं, पॅलेस्टिनी लोकांत उलट. इस्रायलींत कल दिसला नाही. हिब्रू शब्द उजवीकडून आणि आकडे डावीकडून वाचतात, हे त्याचं पटणारं कारण.

उत्तर ३:
नुसत्या शब्दांवरून निष्कर्ष काढू नका. ‘पूर्व’ म्हणजे आधीचं आणि समोरचंही, ‘पश्चिम’ म्हणजे मागचं. तरी आपण ‘पुढचं वर्ष’ म्हणतो ते येणारंच. मोरोक्कोच्या अरबीतही भविष्य पुढेच असतं, पण आकृतीत जागा ठरवायला सांगितल्यावर तिथल्या बहुतेकांनी भूतकाळ समोर ठेवला. म्हणून पुढे-मागेची चाचणीही वेगळी घ्या: माणसाची वरून दिसणारी आकृती, समोर एक चौकोन, मागे एक.