‘हाताची घडी, तोंडावर बोट’ला पर्याय: तुमच्या वर्गात काय चालतं?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. मग दंगा आवरायचा कसा? इयत्ता, साहित्य आणि कुठे फसतं ते नेमकं लिहा.

दुसरी, पट ३२
चिंचोक्यांचा डबा. स्टीलचाच घ्या, कारण चिंचोका पडला की ‘टण्ण’ वाजतं आणि मागच्या बाकापर्यंत माना वळतात. वागणूक एकच ठरवा, उदा. घंटेनंतर न बोलता वही काढणं. ती दिसली की त्याच क्षणी चिंचोका टाका. पहिलं लक्ष्य २५, म्हणजे दोन-तीन दिवसांत पुरं होतं. १०० ठेवलंत तर मुलं विसरून जातात. बक्षीस म्हणून पंधरा मिनिटं ‘मामाचं पत्र हरवलं’. टाकलेला चिंचोका परत काढू नका. एकाच्या खोडीपायी सगळ्यांची कमाई गेली की वर्ग त्या पोरावर तुटून पडतो, आणि तो आणखी बिथरतो.

पहिली
मधल्या सुट्टीनंतर तीन मिनिटं ‘शिवाजी म्हणतो’. शेवटचा हुकूम ‘पुस्तक उघडा’. चुकलेल्याला बाद करायचं नाही. बाद झालेलं मूल रिकामं बसतं आणि तिथूनच खोड्या सुरू होतात.

चौथी, दोन गट
वर्गाचे दोन गट पाडून खेळायचा हा खेळ अमेरिकेतल्या कॅन्ससमधला. १९६९ साली त्यावर शोधनिबंध आला, तोही चौथीच्याच वर्गावरचा. नियम मोडला की फळ्यावर त्या गटापुढे फुली. कमी फुल्यांचा गट जिंकतो. दोघांच्याही पाचपेक्षा कमी असतील तर दोघेही जिंकतात. ही दुसरी अट गाळू नका, नाहीतर नुसती भांडणं लागतात. सुरुवात गणिताच्या सरावाच्या दहा मिनिटांनी करा, वेळ हळूहळू वाढवा. फुली मारताना मुलाचं नाव घेऊ नका, नियम सांगा: “जागा सोडली, एक फुली.” त्यावर वाद घालत बसायचं नाही. मुद्दाम गटाला हरवणारं मूल असेल तर त्याचा एकट्याचा वेगळा गट करा. प्रेक्षक गेले की त्यातली मजाही जाते.

चौथीच्या सरांना पुरवणी
फुल्या नको असतील तर चिठ्ठी काढा. सकाळी एक नाव खिशात ठेवायचं, कोणाचं ते सांगायचं नाही. त्या मुलाने दिवसभर नियम पाळले तर शेवटच्या तासाला नाव जाहीर करून टाळ्या. नाही पाळले तर चिठ्ठी गुपचूप फाडायची, नाव कधीच फोडायचं नाही. एकदा फोडलंत की तो चेष्टेचा विषय होतो.

टाळीबद्दल
वर्गाचं लक्ष वेधायला आपण टाळ्या वाजवायच्या: दोन सावकाश, तीन जलद. मुलं तशीच परत देतात. दुसऱ्यांदा हळू, तिसऱ्यांदा तळहातावर फक्त दोन बोटं. तोवर वर्ग शांत झालेला असतो, आणि सूचना तेव्हाच ओठांवर तयार हवी. खडू शोधत बसलात तर गलका परत सुरू. दिवसातून चार-पाचदाच वापरा, आणि दर पंधरवड्याला लय बदला.