'पायरेटेड'ला मराठीत काय म्हणावं?

सदाशिव पेठेतून (मूळ प्रश्न)

एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन माझ्याकडे आहे. त्यात गेमिंगवर एक लेख आहे आणि लेखकाने 'पायरेटेड', म्हणजे विनापरवाना काढलेल्या प्रतीसाठी, पानोपानी 'चाचेगिरी' लिहिलंय. 'चाचेगिरी केलेला गेम', 'चाचेगिरीयुक्त सॉफ्टवेअर', आणि एके ठिकाणी 'चुलतभावाने मला चाच्याची सीडी दिली'. घरात, कॉलेजात, हिंजवडीच्या बसमध्ये 'काल मी जरा चाचेगिरी केली' असं बोलताना मी कोणालाही ऐकलेलं नाही. मग माणसं खरंच काय म्हणतात? पायरेटेड, क्रॅक, डुप्लिकेट, कॉपी, नक्कल, ढापलेला, यातलं काय कुठे बसतं? शुद्ध मराठीच हवं असा हट्ट नाही. वाचक अडखळू नये, इतकंच. 'प्रताधिकारभंगित' सुचवणाऱ्यांनी आधी तो शब्द एका दमात म्हणून दाखवावा.

कसब्यातून

पहिली गोष्ट, 'चांचेगिरी' असा अनुस्वार द्या. नाहीतर ती सीडी कोणाच्या तरी काकाची वाटते.

दुसरी गोष्ट 'प्रत' या शब्दाची. मराठीत प्रत म्हणजे नक्कलही आणि दर्जाही. 'पोथीची प्रत केली' आणि 'वरच्या प्रतीचा तांदूळ' हे दोन्ही आपण सहज बोलतो. हाताने लिहून काढायच्या काळात हे दोन अर्थ एका घरात गुण्यागोविंदाने नांदले, कारण लेखनिक डुलक्या घेणारा असला की प्रतीची प्रत घसरायचीच. एक ओळ गळायची, 'व'चा 'ब' व्हायचा, आणि पुढचा लेखनिक तीच चूक इमानेइतबारे पुढे न्यायचा. म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करावी लागली.

संगणकावर हजारावी प्रतही पहिलीसारखीच निघते. कॅसेटवरून कॅसेट भरली की आवाज बसायचा, फाइलीचं तसं नाही. म्हणजे 'हलक्या प्रतीचा' हा शेरा तिथे लागूच पडत नाही, आणि 'डुप्लिकेट' म्हणूनच चुकीचं. डुप्लिकेट चार्जर म्हणजे महिनाभरात मान टाकणारा चार्जर. ढापलेला गेम मात्र विकतच्या गेमइतकाच नीट चालतो, आणि विकणाऱ्याचं खरं दुखणं तेच आहे.

नारायण पेठेतून

डुप्लिकेट म्हणजे खोटं असं सरसकट म्हणू नका. 'डुप्लिकेट चावी' अगदी सज्जन शब्द आहे.

माझा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून द्यायचा धंदा. नव्वदीत मराठी अक्षरजुळणीच्या पॅकेजांबरोबर एक छोटी डबी यायची, प्रिंटरच्या पोर्टला मागून लावायची. ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. तिला आम्ही 'लॉक' म्हणायचो, बिलावर 'डोंगल' असायचं. मशीन दोन आणि लॉक एक, म्हणून टेबलाखाली वाकून ती डबी इकडून काढायची, तिकडे लावायची. स्क्रू नीट आवळला नाही तर ऐन लग्नपत्रिकेत पॅकेज बंद. पुढे 'डोंगल' म्हणजे नेट देणारी काडी झाली. ज्या शब्दाचं काम दार बंद करायचं होतं, तोच दार उघडायला लागला. आजच्या पोरांना पहिला अर्थ सांगितला तर विश्वास बसत नाही.

आणि त्या लॉकवाल्या पॅकेजचं लॉक तोडून चालवणाऱ्याला कोणी चांचा म्हणत नव्हतं. 'त्याच्याकडे तुटकं आहे' म्हणायचे.

एरंडवण्यातून

'तुटकं' फारच छान. ते जपा.

चांचा आणायचाच असेल तर जरा इतिहास आठवून आणा. मुंबईच्या इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांना 'पायरेट' ठरवलं होतं. ते होते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, त्याचे पैसे मोजावेत, हा त्यांचा आग्रह, आणि दस्तक नसलेलं जहाज ते धरायचे. थोडक्यात, लायसन्स तपासणारे आंग्रे आणि विनालायसन्स फिरणारे इंग्रज, तरी चांचा कोण? तर आंग्रे. १७२९ मध्ये ते वारले, पण इंग्रजी पुस्तकांतून तो शिक्का काही लवकर पुसला नाही. हा शब्द नेहमी बोट दाखवणाऱ्याच्या सोयीने वापरला गेलाय.

इंग्रजीत चोरून पुस्तकं छापणाऱ्यांना सतराव्या शतकापासून 'पायरेट' म्हणतात. तिथल्या छापखानेवाल्यांनी एकमेकांना घातलेली ती शिवी आहे. आपण तिचा नुसता तर्जुमा उचलला. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये कॉम्प्युटरच्या छंदिष्टांना उघडं पत्र लिहिलं, त्यातही सरळ 'चोरी' म्हटलंय. समुद्राची गरज त्यांनाही पडली नाही.

कोथरूडहून

वकिलाच्या बाजूने थोडं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'लिटररी वर्क'च्या, म्हणजे साहित्यकृतीच्या, व्याख्येत संगणकाचे प्रोग्रॅम येतात. १९८४ च्या दुरुस्तीने ते आत आले. म्हणजे कायद्याच्या पंगतीत पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर आणि कवितासंग्रह शेजारी शेजारी बसतात. मराठीत ही गंमत आणखी पुढे जाते, कारण आपल्याकडे सत्यनारायणाच्या सुपाऱ्या-खारकाही 'साहित्य'च.

कायद्याने व्याख्या केली आहे ती 'इन्फ्रिंजिंग कॉपी'ची, म्हणजे हक्क मोडून काढलेल्या प्रतीची. अशी प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर संगणकावर वापरलं, तर कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. उलट रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, बिघाड झाला तर असावी म्हणून, बॅकअप प्रत ठेवायला कलम ५२ मुभा देतं. तेव्हा सगळ्याच 'कॉपी'ला चोर म्हणू नका.

समुद्रावरच्या चांच्यांसाठी संसदेने २०२२ मध्ये वेगळा कायदा केलाय, त्यात जन्मठेप आहे, आणि चाचेगिरीत कोणाचा जीव गेला तर फाशीसुद्धा. चुलतभावाला यातल्या कुठल्या कायद्याखाली घालायचं, ते लेखकाला विचारून घ्या.

सदाशिव पेठेतून

सगळं वाचून मला असं दिसतंय की आपण नामात अडकलोय आणि मराठी माणूस निवाडा करतो क्रियापदात. बघा.

'काढणे' सभ्य आहे. प्रत काढणे, झेरॉक्स काढणे, सातबाऱ्याची नक्कल काढणे. अर्ज केला, फी भरली, शिक्का बसला.

'करणे' परीक्षेत गुन्हा होतं. 'कॉपी केली' म्हटलं की पर्यवेक्षक, खिशातली चिठ्ठी आणि बोर्डाचं 'कॉपीमुक्त अभियान' हेच आठवतं. संगणकावर मात्र तेच 'कॉपी केली' अगदी निरागस असतं. इथे एक आई दुसरीला 'माझ्या मुलाने सगळी फाइल कॉपी केली' म्हणाली, तर कौतुक की तक्रार हे तिच्या चेहऱ्यावरूनच ठरवावं लागेल.

'मारणे' म्हणजे झटपट, फारशी चौकशी न करता. झेरॉक्स मारली, फॉरमॅट मारला, विंडोज मारलं, क्रॅक मारला. डल्लाही मारतात आणि गप्पाही मारतात, त्यामुळे अपराधाची तीव्रता आपोआप कमी होते. इंजिनिअरिंगच्या पोरांचं 'जीटी मारणे' यातलंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. हॉस्टेलवर दोन खुर्च्यांच्या मध्ये काच ठेवायची, खाली टेबललॅम्प, वर मित्राची ड्रॉइंगची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. खालच्या रेघा दिव्याच्या उजेडात वर येतात, त्या पेन्सिलने गिरवायच्या. मित्राने खोडलेली रेघसुद्धा भोळेपणाने गिरवली जाते आणि तिथेच मास्तर पकडतात. यात हाताला रग लागते, म्हणून बरीच पोरं ती चोरी मानतच नाहीत, मेहनत मानतात.

आणि सगळ्यात गोड क्रियापद 'टाकून देणे'. 'तेवढं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर टाकून दे.' पैशाचा विषय निघत नाही, लायसन्सचा निघत नाही, आणि परक्याला वाटेल की केरात टाकायला सांगतोय.

हिंजवडीतून

ताई, हे क्रियापदांचं आमच्या मॅनेजरला पाठवतोय. आमच्याकडे दुसऱ्या टीमचा कोड 'उचलतात', नेटवरचा 'चिकटवतात' आणि स्वतःचाच जुना असेल तर 'रीयूज करतात'. काम तिन्ही वेळा तेच.

कसब्याच्या सरांनी पोथ्यांचं काढलं म्हणून सांगतो. कोडच्या दोन प्रतींतला फरक दाखवतात त्याला आम्ही 'डिफ' म्हणतो. त्याला 'पाठभेद' यापेक्षा चांगला शब्द असूच शकत नाही. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं, उत्तरेची परंपरा वेगळी, दक्षिणेची वेगळी, आणि प्रत्येक पानाखाली पाठभेदांच्या टिपा. कोडच्या दोन ब्रँच, म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी वाढलेल्या प्रती, मर्ज (एकत्र) करताना घाम फुटणाऱ्या पोरांनी लॉ कॉलेज रस्त्यावर जाऊन ते खंड एकदा चाळावेत. कोडच्या प्रतींचा हिशेब ठेवणारं आमचं गिट २००५ चं. एवढं सगळं त्याच्याशिवाय झालं.

'ब्रँच'ला 'शाखा' म्हणून पाहिलं. टीममधल्या एकाने विचारलं, सकाळची की संध्याकाळची?

'प्रोजेक्ट'ला 'प्रकल्प' मात्र म्हणवत नाही. प्रकल्प म्हटलं की धरण आठवतं. अर्थात तीन वर्षं एकाच क्लायंटकडे अडकलेल्याला 'प्रकल्पग्रस्त' म्हणायला माझी हरकत नाही, फक्त पुनर्वसनाचं कोणी बघा.

कर्वेनगरमधून

काका-काकू, आत्ताची पोरं फारसं क्रॅक मारत नाहीत. ऑनलाइन खेळात चोरीची प्रत घेऊन करणार काय, सर्व्हर आत घेत नाही. मुळात गेम फुकट असतो आणि पैसे जातात कपड्यांना, म्हणजे 'स्किन'ला. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा आमच्या वाड्यात जे सुतक होतं ते गेमचं कमी आणि स्किनचं जास्त होतं. सिंगल प्लेयर, म्हणजे एकट्याने खेळायचा गेम असेल तर सेलची वाट बघतो. घेऊन ठेवतो आणि खेळत नाही.

नारायण पेठेतून

आमच्या वेळी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची '९९९९ इन १' कॅसेट मिळायची. कॅसेट म्हणजे कार्ट्रिज, पण तो शब्द कोणाला ठाऊक होता? आत खरे गेम मोजके, बाकी तेच परत परत, नाव बदलून किंवा दुसऱ्या लेव्हलपासून. चालली नाही की फुंकर मारायची. तिला कोणी पायरेटेड म्हटलं नाही, कारण ओरिजिनल कोणी बघितलीच नव्हती. तुलनेला मूळ नसेल तर नकलेलाच मूळ म्हणतात.

एरंडवण्यातून

जाता जाता 'फ्री'बद्दल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल असं सॉफ्टवेअर, जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजीत 'फ्री म्हणजे फुकट नव्हे' हे समजावत बसावं लागतं. आपल्याला ती अडचणच नाही. 'मुक्त' वेगळा, 'मोफत' सरकारी, 'विनामूल्य' व्याख्यानमालेच्या फलकावरचा, आणि 'फुकट' म्हणजे त्या व्याख्यानाला पंख्याखालची जागा धरणाऱ्याचा. एवढे पर्याय हाताशी असून लोक 'फ्री सॉफ्टवेअर' लिहितात. आणि ओपन सोर्स म्हणजे 'मुक्तस्रोत'. 'स्त्रोत' नव्हे. पहिल्या जोडाक्षरात त नाही.

सदाशिव पेठेतून

सर्वांचे आभार. मी असं केलंय: निवेदनात 'विनापरवाना प्रत', संवादात 'क्रॅक मारलेला' आणि 'टाकून दिलेला', कायद्याच्या परिच्छेदात 'कॉपीराइटचं उल्लंघन'. 'तुटकं' एका ठिकाणी घातलंय, लेखकाला आवडलं. 'नक्कल' सगळीकडून काढला, तो नकलाकाराला आणि तलाठ्याला राहू दे. 'चांचेगिरी' शीर्षकात राहिलीय, अनुस्वारासकट, कारण अंकाची जाहिरात आधीच छापून गेलीय.

एकच बाकी आहे. 'माझ्या तीन लाइफ उरल्या' यात लाइफ स्त्रीलिंगी आणि अनेकवचन तसंच ठेवलंय, 'लाइफा' केलेलं नाही. कोणाची हरकत असेल तर उद्या दुपारच्या आत सांगा, नंतर फाइल छापखान्यात जाईल.